सातशेवा अंक

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर २०१२ ला, दुकानाचं शटर वर केलं तेव्हा बाहेर अकरा माणसं कुडकुडत उभी होती. जर्सी सिटीतल्या आमच्या छोट्या कॉमिक्सच्या दुकानासमोर एवढी गर्दी मी पहिल्यांदाच बघत होतो. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ७०० वा अंक त्या बुधवारी येणार होता आणि १९६३ पासून चाललेली ही मालिका त्याच अंकावर थांबणार होती.

अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी येतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांची ‘पुल लिस्ट’ असते. ज्याचे त्याचे अंक आम्ही बाजूला काढून ठेवतो. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात हा अंक होता. किंमत ७.९९ डॉलर, नेहमीच्या दुप्पट. कुणी कुरकुर केली नाही.

शेवट मात्र आधीच फुटला होता. स्पायडर-मॅनचा जुना शत्रू डॉक्टर ऑक्टोपस तुरुंगात मरणपंथाला लागलेला असतो आणि स्वतःचं मन पीटर पार्करच्या, म्हणजे खऱ्या स्पायडर-मॅनच्या, शरीरात घालतो, हे ६९८ व्या अंकात आलं होतं. पीटर अडकतो ऑक्टोपसच्या खंगलेल्या देहात. ७०० व्या अंकात शरीर परत मिळवण्याची त्याची शेवटची धडपड फसते आणि तो मरतो. पण मरता मरता आपल्या सगळ्या आठवणी शत्रूच्या डोक्यात ओततो. वाढवणाऱ्या अंकल बेनचं जाणं, प्रेयसी ग्वेनचं जाणं, आत्तापर्यंत सोसलेलं सगळं. ते ओझं अंगावर आल्यावर ऑक्टोपस हादरतो आणि आपण स्पायडर-मॅन म्हणून जगू, असा शब्द देतो. मी काउंटरमागे उभ्या उभ्या हे वाचलं आणि मला ते फार आवडलं. वैऱ्यालाही चांगलं व्हायला भाग पाडून मरणं, पीटरला शोभणारंच होतं ते.

दुकानात मात्र संताप होता. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा दर बुधवारी यायचा, स्वतः कमावलेल्या पैशांनी अंक घ्यायचा. तो थेट माझ्यासमोर आला. म्हणाला, “यादीतून माझं नाव काढ. सगळ्याच अंकांवरून.” त्याचे डोळे लाल होते. लेखक डॅन स्लॉटबद्दल तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसांत स्लॉटला जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. मी त्याला सरळ सांगितलं, गोष्ट आवडली नाही म्हणून माणसाच्या जिवावर उठणारं बोलणं या दुकानात चालणार नाही. तो गप्प झाला, पण हलला नाही.

त्याच्या मागे आमचं एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं. बॉयलर दुरुस्तीचं काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ. ऑक्टोबरच्या सँडी वादळात निम्म्या गावाच्या तळघरांत पाणी शिरलं होतं, तेव्हापासून त्यांना उसंत नव्हती. हाताची बोटं काजळीनं भरलेली. त्यांच्याशी मी इंग्रजीतच बोलायचो, पण मनात त्यांना काकाच म्हणायचो. काका १९६२ सालचे. स्पायडर-मॅनही त्याच सालचा, त्याच्या नावाची मालिका तेवढी नंतरची.

ते मुलाला म्हणाले, “मी अकरा वर्षांचा असताना पत्र लिहिलं होतं. पुन्हा तुमचा एक अंक घेणार नाही म्हणून.”

मुलानं विचारलं, “कशाबद्दल?”

“ग्वेनबद्दल.”

१९७३ सालचा १२१ वा अंक. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक ग्वेन स्टेसीला पुलावरून फेकतो, स्पायडर-मॅन तिला जाळ्यानं धरतो, आणि तिच्या मानेपाशी बारीक अक्षरांत एकच आवाज लिहिलेला आहे, “स्नॅप”. वाचवताना स्पायडर-मॅनच्याच झटक्यानं ती गेली का, हा प्रश्न वाचकांना सोडेना. लेखक गेरी कॉनवे तेव्हा जेमतेम विशीतला होता, आणि संतापलेल्या पत्रांचा सगळा रोख त्याच्यावर होता.

काकांनी मला विचारलं, “१२५ आहे का रे?”

होता. तळघरात पाणी शिरलं तेव्हा खालच्या रांगेतले जुन्या अंकांचे खोके गेले, वरचे वाचले. मी पिशवीची टेप हळूच सोडवली, पुठ्ठ्यावरून अंक काढला. मुखपृष्ठावर मॅन-वुल्फ, कोपऱ्यात २० सेंट. पानं चहासारखी पिवळी पडलेली, आणि तो जुन्या कागदाचा आंबूस वास. काकांनी बोटं पँटला पुसली, पत्रांचं पान उघडलं आणि ते मुलापुढे सरकवलं. तिथे संपादकांनी वाचकांना उत्तर दिलं होतं: होय, जाळ्याचा झटकाच तिच्या मृत्यूला कारण ठरला. आडपडदा न ठेवता.

मुलानं ते दोनदा वाचलं. मग विचारलं, “तुमचं पत्र छापलं?”

“नाही. पण उत्तर मलाच दिलंय असं वाटलं होतं.”

मागे रांग ताटकळली होती, तरी मी घाई केली नाही. अकरा वर्षांच्या पोरानं कागद घेतला, तिकीट लावलं, महिनोन्‌महिने वाट पाहिली आणि त्याला खरं उत्तर मिळालं. या मुलाला मात्र अंक हातात पडायच्या आतच सगळं कळलं होतं, आणि राग ओतायला फोनखेरीज जागा नव्हती. मला त्याचा राग खोटा वाटला नाही. त्याचं माणूस गेलं होतं. तो नाव न काढता निघून गेला, अंक घेऊन.

रात्री जेवताना बाबांना हे सगळं सांगितलं. डोंबिवलीच्या घरी त्यांच्या ट्रंकेत वेताळाची, म्हणजे मुखवटेवाल्या फँटमची, मराठी इंद्रजाल कॉमिक्स होती, मी त्यांवरच वाढलो. ते म्हणाले, “आपला वेताळ मरत नाही, कारण बापाचा मुखवटा मुलगा घालतो.” थोडं थांबून म्हणाले, “इथे शत्रूनं घातला. अवघड आहे.”

९ जानेवारीला ‘द सुपीरियर स्पायडर-मॅन’चा पहिला अंक आला, पीटरच्या शरीरातल्या ऑक्टोपसची नवी मालिका. मुलगा सकाळीच येऊन घेऊन गेला. काका संध्याकाळी आले. त्यांच्या गठ्ठ्यात मी तो वरच ठेवला होता. त्यांना हवाच असणार, असं मी गृहीत धरलं होतं. त्यांनी तो उचलला, मुखपृष्ठ बराच वेळ पाहिलं, आणि काउंटरवर माझ्या बाजूला ठेवला.

“हा माझा नाही,” ते म्हणाले. “माझे सातशे झाले.”

बाकीच्या अंकांचे पैसे त्यांनी मोजून दिले. मी यादीतल्या त्यांच्या नावापुढची ती एक ओळ खोडली आणि अंक परत मांडणीवर लावला.