वीस मीटर तार

मराठीत ‘तार’ हा शब्द दोन घरचा पाहुणा आहे. खांबावरून जायची तीही तार आणि पोस्टमन आणायचा तीही तार. हौशी रेडिओवाल्याला, म्हणजे हॅमला, हा श्लेष मनापासून पटावा, कारण संकटाच्या वेळी त्याचं घोडं याच दोन ठिकाणी अडतं. एक तार झाडाला बांधायची, दुसरी कागदावर उतरवायची. मधला सेट, ज्याच्यावर सगळे पैसे आणि सगळं कौतुक खर्च होतं, तो सहसा दगा देत नाही.

झाडावरची तार आधी घेऊ. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की अर्ध्या तरंगाच्या डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन बाजूंच्या अँटेनाची, लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती २० मीटर १४ सेंटिमीटर येते, म्हणजे एकेक बाजू १० मीटर ७ सेंटिमीटर. पण कापताना १० मीटर ४० धरावी. कापलेली तार वाढत नाही, हे शिंप्याचं शहाणपण इथेही चालतं. गणितातून आलेली लांबी उघड्या तारेची असते. प्लॅस्टिकचं आवरण, जमीन, शेजारची भिंत सगळे मिळून तारेला विजेच्या दृष्टीने लांब करतात. मग मोजत मोजत दोन्ही बाजूंनी सारखं कमी करायचं. दर बाजूला १० सेंटिमीटर घटवले की फ्रिक्वेन्सी साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकते. कात्री न लावता टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट पिळून ठेवलं तरी तोच परिणाम होतो, आणि चुकलं तर परत सोडता येतं. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळली ते सांगणारा आकडा (१ म्हणजे पूर्ण जुळली), १.५ च्या आत आला की खाली उतरावं. १.३ चा १.१ करण्यात दुपार घालवणारे लोक असतात. त्यांचा छंद वेगळा आहे.

उंचीबद्दल मात्र सगळ्यांची समजूत उलटी असते. अँटेना जितकी उंच तितकी बरी, हे लांबच्या गप्पांसाठी खरं आहे. पुराच्या किंवा वादळाच्या वेळी मात्र गाठायचं असतं पुढच्या खोऱ्यातलं गाव, दुसरा खंड नव्हे. त्यासाठी हाच डायपोल ४ ते ६ मीटरवर आडवा बांधावा. लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनावरणावरून, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून, छत्रीसारख्या खाली उतरतात. तीन-चारशे किलोमीटरचा परिसर, डोंगराआडच्या गावांसकट, त्या छत्रीखाली येतो. रात्री मात्र आयनावरण विरळ होतं, ७ मेगाहर्ट्झ त्यातून आरपार निघून जातो आणि दुपारी खणखणीत ऐकू येणारं शेजारचं स्टेशन अचानक गायब होतं. सेट बिघडला असं वाटून स्क्रू खोलायला घेऊ नयेत. ३.६ मेगाहर्ट्झवर यावं. त्याला ४० मीटर तार लागते; ती मधल्या त्याच बिंदूला, पहिलीच्या काटकोनात, अगोदरच जोडून ठेवलेली असावी. वाऱ्यात झाड डोलतं, म्हणून दोरी ताठ बांधायची नाही. आणि मधल्या केबलचं ओझं डाग देऊन केलेल्या जोडावर टाकायचं नाही, ते दोरीने पेलायचं. डायपोल तुटतो तो बहुतेक वेळा इथेच.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये हॅमचा एक चमू जगभरच्या हौशी लोकांशी बोलण्यासाठी आधीच तळ ठोकून होता. इतर संपर्क तुटले आणि त्यांनी अंदमानातल्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. सेट असणं एवढंच त्याचं कारण नव्हतं. अँटेना उभ्या होत्या. ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून घेतलेला आणि खोक्यातच राहिलेला हँडी, म्हणजे हातात मावणारा सेट, अडचणीच्या दिवशी चार्जसुद्धा नसतो. शिवाय बोलायला परवाना लागतो आणि तो आदल्या रात्री मिळत नाही.

आता तिसरी तार, जिला कोणी तार म्हणतच नाही: बॅटरीपासून सेटपर्यंतची. १०० वॉटचा सेट ऐकताना १ अँपिअर घेतो, बोलताना २०. अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि बॅटरी ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर होतात, मीटरमागे सुमारे ७ मिलिओहम, एकूण ४२. वीस अँपिअरला त्यात ०.८४ व्होल्ट गळतात. शिशाच्या बॅटरीवर भार पडल्यावर १२.१ व्होल्ट उरले असतील तर सेटच्या तोंडी ११.३ पडतात, आणि बहुतेक सेटना किमान ११.७ लागतात. म्हणून तो चमत्कार दिसतो: ऐकू सगळं नीट येतं, पण बटण दाबून मोठ्याने बोललं की दिवे लुकलुकतात आणि सेट मान टाकतो. ऐकताना हीच गळती ०.०४ व्होल्ट असते, त्यामुळे तोवर कशाचा संशयही येत नाही. बॅटरी १ मीटरच्या आत आणावी, तार ६ चौरस मिलिमीटरची घ्यावी, फ्यूज बॅटरीच्या टोकाशी बसवावा. वाटेत कुठे आवरण घासून तारा चिकटल्या तर सेटजवळचा फ्यूज आग थांबवू शकत नाही. यातलं काहीच हाताशी नसेल तर २५ वॉटवर उतरावं. चौथाई ताकद म्हणजे समोरच्याच्या एस-मीटरवर, म्हणजे येणाऱ्या लहरींची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर, फक्त एक घर कमी, आणि प्रवाह निम्म्यावर येतो. तासाला सहा मिनिटं बोलणं धरलं तर २० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी सुमारे दहा तास पुरते. तिची एकच खोड: शेवटपर्यंत १३ व्होल्ट दाखवते आणि मग एक शब्दही न बोलता बंद होते. तिचा हिशेब वहीत ठेवावा, मीटरवर नाही.

परिसराची वीज गेली की एक गोष्ट मात्र सुखद होते. एरवी चार्जर, एलईडी दिवे आणि वायफायचे अडॅप्टर मिळून बँडवर जो खरखराट करतात तो एकदम थांबतो. एस-मीटरचा सातवर डुगडुगणारा काटा एक-दोनवर निजतो आणि एरवी दबलेली क्षीण स्टेशनं स्पष्ट होतात. अशा वेळी तासभर नुसतं ऐकावं. १४.३०० मेगाहर्ट्झ हे आणीबाणीच्या संपर्कासाठी जगभर मान्य केलेलं ठिकाण आहे. तिथे नेट, म्हणजे एका स्टेशनाच्या शिस्तीखाली चाललेली निरोपांची देवाणघेवाण, चालू असेल तर आपल्याला विचारल्याशिवाय तोंड न उघडणं हीच मदत असते. मग कोणीतरी जनरेटर किंवा सोलर चार्जर चालू करतो आणि खरखर परत येते. निदान ऐकताना तरी आपला चार्जर काढून ठेवावा.

आणि शेवटी कागदावरची तार. निरोप बोलायचा नसतो, लिहवायचा असतो. सांगणाऱ्याने बोलता बोलता स्वतःही लिहावं, म्हणजे वेग आपोआप आवरतो. चार-पाच शब्द, मग बटण सोडायचं, ‘घेतलं’ ऐकायचं, पुढे जायचं. मराठीत आकडे सांगणाऱ्याने तर कानाला खडाच लावावा. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत एकमेकांचे जुळे भाऊ होतात. म्हणून ‘पाच तीन’, ‘पाच नऊ’ असं सुटं सांगायचं. डॉक्टरने लिहिलेला शब्द कळला नाही तरी अक्षर अक्षर तसाच पाठवायचा, सोपा करून नाही. हॅम बँडवर सांकेतिक भाषेची परवानगी नाही, कोणीही ऐकत असतं, तेव्हा मृतांची नावं हवेवर घ्यायची नाहीत.

प्रत्येक निरोपाला डोक्यावर क्रमांक, निकड, ठिकाण, वेळ आणि शब्दसंख्या असते. शब्दसंख्या हा रकाना सुरुवातीला सगळ्यांना कारकुनी वाटतो. समजा निरोप आहे: ‘पुलाला तडा गेला आहे जड वाहन आज रात्री पाठवू नका उद्या सकाळी कळवतो’. पाठवणारा म्हणतो, शब्द एक तीन. घेणारा मोजतो तर बारा भरतात. वाचून दाखवा, पाठवणारा म्हणतो. तो वाचतो: ‘पुलाला तडा गेला आहे जड वाहन आज रात्री पाठवू उद्या सकाळी कळवतो’.

‘पाठवू’नंतर ‘नका’ घाला. ओव्हर.