तुम्ही विचारलंत म्हणून : पत्ते हातात असताना मनाच्या मागे का?

प्रयोग संपला की एक प्रश्न हमखास येतो : "तुम्हाला खरंच मनातलं कळतं का?" त्याचे उत्तर "नाही" एवढेच आहे आणि ते मी प्रयोगाच्या आधीही देते, नंतरही देते. मात्र जादूची थोडीफार जाण असलेली माणसे त्यापुढचा प्रश्न विचारतात आणि तो मला अधिक आवडतो. पत्ते, नाणी, दोऱ्या, रिकाम्या पेटीतून निघणारे रुमाल असा सगळा संसार हाताशी असताना, आणि त्यावर पोटही चालत असताना, मी या मेंटॅलिझमच्या, म्हणजे मनातले ओळखून दाखवण्याच्या जादूच्या, इतकी आहारी का गेले, असे त्यांना जाणून घ्यायचे असते.

हातचलाखीचा प्रयोग कितीही सफाईने केला तरी आश्चर्य माझ्या हातात घडते, आणि प्रेक्षकाला संशय घ्यायला एक जागा ठाऊक असते. नाणे कुठे गेले हे त्याला सांगता येत नाही, पण "हाताने काहीतरी केले" एवढे म्हणून तो निर्धास्त होतो. मनातली गोष्ट ओळखण्याच्या प्रयोगात ही जागाच उरत नाही. नाणे माझे होते; पण शाळेतल्या ज्या मैत्रिणीचे नाव तो मनात धरून बसला आहे, ते नाव त्याचे आहे, मी त्याला दिलेले नाही. ते नाव मी उच्चारते तेव्हा तो माझ्या हातांकडे पाहत नाही. तो क्षणभर स्वतःच्याच डोक्यात डोकावतो, आणि ते डोकावणे चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. मला वेड आहे ते या क्षणाचे.

सगळ्यात आवडता प्रकार विचाराल तर लपवलेली वस्तू शोधण्याचा. मी दालनाबाहेर जाते, मंडळी एखादी किल्ली कुठेतरी दडवतात, आणि ती जागा माहीत असलेल्या एका व्यक्तीला मी माझे मनगट घट्ट धरायला सांगते. तिने बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. फक्त मनातल्या मनात "डावीकडे", "पुढे", "थांबा" अशा सूचना द्यायच्या. मग मी थोड्या वेगाने चालू लागते, कारण रेंगाळत चालले तर त्या व्यक्तीला विचार करायला आणि सावध व्हायला वेळ मिळतो. चुकीच्या दिशेला अर्धे पाऊल टाकले की मनगटावरची पकड किंचित जड होते. योग्य दिशेला वळले की तोच हात हलका होऊन माझ्याबरोबर वाहू लागतो. जागेपाशी पोचल्यावर मी हात वरखाली करून पाहते, कारण कपाटातला वरचा कप्पा की खालचा हेसुद्धा ती पकडच सांगते. किल्ली जवळ आली की पुष्कळांचा श्वास अडतो. आपण काही सांगितले याची त्या व्यक्तीला पुसटशीही कल्पना नसते, आणि तिचे म्हणणे खरेच असते, कारण तिने जाणूनबुजून काहीच सांगितलेले नसते.

ही युक्ती मी उघड करते आहे असे कुणी समजू नये. 1852 मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की नुसत्या कल्पनेनेही स्नायूंची नकळत हालचाल होते. पुढे अमेरिकेत असे शोध-प्रयोग गाजू लागले, तेव्हा 1877 मध्ये न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ जॉर्ज बिअर्ड यांनी हे मनाचे नव्हे, स्नायूंचे वाचन आहे असे लिहिले. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा तर खुराने टकटक करून गणिते सोडवत असे. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासले तेव्हा विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला की हान्सचे गणित कोलमडे, असे आढळले. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हले, आणि घोडा तिथे थांबे. मला या घोड्याबद्दल फार आदर आहे. कसलाही आव न आणता त्याने आमच्या धंद्यातले सर्वांत कठीण काम केले. एवढे सगळे छापून आलेले असूनही प्रयोगाची जादू कमी होत नाही, कारण स्पष्टीकरण वाचणे वेगळे आणि स्वतःचा हात आपल्याला न विचारता बोलतो आहे हे अनुभवणे वेगळे.

दुसरे आकर्षण थोडे विचित्र आहे : या कलेत चूक चालते. पत्त्याचा जादूगार सत्तीऐवजी अठ्ठी काढून दाखवतो तेव्हा त्याचा प्रयोग फसलेला असतो. मी मात्र "सुनीता... नाही, सुनंदा" असे म्हटले की सभागृह अधिकच स्तब्ध होते. प्रत्येक उत्तर तंतोतंत आले तर लोकांना युक्तीचा वास येतो. थोडे अडखळले, एखादे अक्षर निसटले, की त्यांना ते खरे वाटते. त्यामुळे कुठे अडखळायचे हाही तालमीचाच भाग असतो.

तालीम अर्थातच किचकट असते. 1846 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच जादूगार रोबेर-उदाँ यांनी डोळे बांधलेल्या मुलाकडून प्रेक्षकांच्या हातातल्या वस्तू ओळखून घेण्याचा प्रयोग रंगमंचावर आणला, तेव्हा त्या बापलेकांनी केलेली पाठांतराची तयारी पाहिली तर अतींद्रिय शक्ती मिळवणे त्याहून सोपे वाटावे.

प्रयोग मात्र रंगमंचावर पुरा होत नाही, तो प्रेक्षकाच्या आठवणीत पुरा होतो. आपण ते नाव एका चिठ्ठीवर लिहिले होते, हे सांगायला तो काही दिवसांनी विसरतो. "मी तोंडातून शब्द काढला नव्हता, तिने नुसते पाहून सांगितले," असे तो शपथेवर सांगतो. स्वभाव ओळखण्याच्या भागात हे आणखी ठळकपणे जाणवते. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांना 'तुमच्या चाचणीवरून केलेले वर्णन' म्हणून प्रत्येकी एकच मजकूर दिला. त्यातली वाक्ये बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. तरी वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. माणूस मोघम वाक्यात स्वतःचा तपशील भरतो आणि तो तपशील आम्हीच सांगितला असे मानतो.

म्हणूनच एका बाबतीत मी अत्यंत कडक आहे. प्रयोगानंतर कुणी बाजूला घेऊन हरवलेल्या माणसाबद्दल, आजाराबद्दल किंवा लग्न मोडावे का याबद्दल विचारले, तर मी उत्तर देत नाही, गमतीतही देत नाही. दिलेले मोघम उत्तरही तो माणूस घरी नेऊन पक्के करणार, हे मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. माझे काही व्यवसायबंधू संदिग्ध राहणे पसंत करतात; "थोडीफार देणगी आहे म्हणा" असे म्हटल्याने बिदागी वाढते हे खरे आहे. मला ती वाढ नको आहे. "हे सगळे मनोरंजन आहे" असे सुरुवातीलाच सांगूनही लोक थक्क होतात, त्यामुळे खोटे बोलण्याची गरज कधी पडलेली नाही.

राहिला तो "आम्हालाही शिकवाल का?" हा प्रश्न. पत्त्यांचा जोड विकत घेण्याआधी घरातल्या कुणाला तरी मनगट धरायला सांगा आणि एक किल्ली लपवू द्या. पहिल्या काही वेळा काहीच कळणार नाही, कारण तुम्ही स्वतःच दिशा ठरवून चालत असाल. अंदाज बांधणे सोडा, पावले छोटी ठेवा, आणि समोरच्याची पकड सैल कधी होते एवढ्याकडेच लक्ष द्या.