बारावा कोण?

"ह्यात आपल्या सोलापूरचा कोण हाय बे?" पार्क चौकात चहावाल्या काकांनी विचारलं आन् आम्ही चौघं गप्पच.

तासभर भांडून बिस्किटपुड्याच्या कागदावर ऑल टाइम टेस्ट टीम लिहिली होती, ब्रॅडमन ९९.९४ ॲव्हरेजवाला म्हणून बिनविरोध, मग सोबर्स, वॉर्न, सचिन, आणि कीपरवरून तर नुसत्या शिव्या.

काका ग्लास विसळत, वर न बघताच म्हणाले, "पॉली उमरीगर. जन्म इथलाच की."

घरी येऊन बघितलं तर खरंच, १९२६, सोलापूर. टेस्टमध्ये भारताची पहिली डबल सेंच्युरी पण त्याचीच, १९५५ ला न्यूझीलंडविरुद्ध २२३.

अकरात बसत नाही हो, माहितीय (सोबर्सला काढणार कोण?). पण चौघंही सोलापूरचे, एकालाही नाव सुचू नये?

कागद खिशातच आहे अजून. बारावा म्हणून लिहू का?