वॉलपेपर काढताना भिंत कशी वाचवावी

ठाण्यातला जुना फ्लॅट आम्ही घेतला, तेव्हा हॉलच्या दोन आणि आतल्या खोलीच्या एका भिंतीवर वॉलपेपर होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या जोडांवर काळे ठिपके उमटले आणि तळाशी कागद भिंतीपासून सुटू लागला. बाजारात मिळणारा बराचसा वॉलपेपर विनाइलचा असतो. त्याचा वरचा प्लास्टिकचा थर भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही आणि कोंडलेल्या ओलीला चिकटवण्याच्या खळीची जोड मिळाली की बुरशी धरते. कागद काढणे भाग होते.

आतल्या खोलीची भिंत आम्ही एका कारागिराकडे सोपवली. त्याने कोरड्या कागदावरच खरवडण्याचा पत्रा चालवला आणि तासाभरात कागदाबरोबर लांबीचे, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करणाऱ्या पुट्टीचे, तळहाताएवढे पोपडे निघाले. दोन ठिकाणी तर खालचा सिमेंटचा गिलावा उघडा पडला. ती भिंत पुन्हा सपाट करण्याचा खर्च कागद काढण्याच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त झाला. म्हणून हॉलच्या भिंतींचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत मी स्वतः केले आणि त्याला चार रविवार लागले.

कागदाला हात लावण्यापूर्वी त्याच्याखाली काय आहे, हे समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मेन स्विच बंद करून मी स्विचबोर्डाची पट्टी काढली, तेव्हा भिंतीचे सगळे थर कडेला एकावर एक दिसले: करडा गिलावा, पांढरी लांबी, फिकट गुलाबी रंग आणि मग कागद. पांढऱ्या सिमेंटची लांबी पाणी बऱ्यापैकी सोसते, पण पीओपीचा थर भिजला की मऊ पडतो आणि जुना डिस्टेंपर पाण्याने सुटून हातावर येतो. खात्री करायची असेल, तर कपाटामागच्या कोपऱ्यात कागदाचा छोटा तुकडा सोलून तिथे ओले फडके दहा मिनिटे दाबून धरावे आणि मग नखाने ओरखडून पाहावे. नखाला पिठूळ लगदा लागला, तर पाणी अगदी बेताने वापरायचे आणि कागद सोडवण्याचे वाफेचे यंत्र आणायचेच नाही.

आमची लांबी टणक निघाली. वरचा विनाइलचा पापुद्रा कोरडाच सोलायचा असतो, कारण तो असेपर्यंत पाणी आत शिरत नाही. त्यासाठी कागदाला भोके पाडणारे काटेरी चाक मिळते, पण त्याचे दात लांबीतही रुततात, म्हणून मी ते वापरले नाही. वरच्या कोपऱ्यातून कड मोकळी केली आणि कागद स्वतःकडे न ओढता भिंतीलगत, जवळजवळ तिला समांतर, खाली खेचत नेला. एकवीस इंची पट्टा मध्ये न फाटता थेट स्कर्टिंगपर्यंत आला आणि भिंतीवर खालचा तपकिरी कागद तेवढा उरला.

खरी कसोटी त्या कागदाची. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे चार थेंब टाकून फवारायचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा फवारायचे. दुसऱ्या फवारणीनंतर कागद गडद होतो, त्यावर बारीक सुरकुत्या धरतात आणि पत्र्याची कड आत शिरली की तो ओल्या सालीसारखा गुंडाळत येतो. जोर लावावा लागत असेल, तर खळ अजून फुगलेली नाही असे समजून पुन्हा पाणी मारावे. पत्र्याचे दोन्ही टोकदार कोपरे मी आधीच पॉलिश पेपरवर घासून गोल केले होते, कारण भिंतीवरचे लांब ओरखडे बहुधा याच कोपऱ्यांनी पडतात. एका वेळी दोन हात रुंदीचाच भाग भिजवला, म्हणजे ओघळ स्विचबोर्डाकडे जात नाहीत.

कागद निघाला तरी खळ भिंतीवर राहते आणि तिच्यावर रंग दिला तर तो तडकतो. स्पंजाने दोनदा पुसल्यावर मी टिंक्चर आयोडीनचे पाण्यात पातळ केलेले थेंब जागोजागी लावून पाहिले: जिथे डाग निळा-काळा झाला, तिथे पिठाची खळ शिल्लक होती. सेल्युलोजच्या खळीला असा रंग येत नाही. तिथे ओले बोट फिरवून बुळबुळीतपणा तपासावा लागतो.

भिंत वाळल्यावर लगेच पॉलिश पेपर मारण्याचा मोह होतो, पण खालचा रंग जुना असेल तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात उडू देणे मला मान्य नाही. मी ओला वॉटरपेपर वापरला आणि निघालेला गाळ फडक्याने टिपून घेतला.

कागद गेल्यावर ओलीचे मूळही सापडले. खिडकीच्या चौकटीलगत बाहेरून एक भेग होती आणि काळे ठिपके बरोबर तिच्या रेषेत उतरले होते. ती भेग आता बुजवली आहे. भिंतीला नवी लांबी अजून लावलेली नाही. येता पावसाळा ती तशीच उघडी ठेवून ओल पुन्हा येते का ते पाहणार आहे आणि मगच प्रायमरचा डबा उघडणार आहे.