टिके बोगदा, चार किलोमीटर

गाडीचं तिकीट काढताना लोक खिडकी बघतात. मी बघते ते भिंत कुठल्या हाताला येईल ते. आमच्या चिरंजीवांची मान उजवीकडे झटकते. उजव्या हाताला खिडकीची चौकट आली की दुपारपर्यंत कानाच्या वर टेंगूळ. (त्याचं नाव लिहायचं नाही असं त्याने बजावलंय, म्हणून नुसतं चिरंजीव. वय वर्षं नऊ.) गणपतीला कुडाळला जायचं म्हणून मांडवी एक्सप्रेसचे बर्थ इतका हिशेब करून घेतले आणि डब्यात शिरल्यावर कळलं की डावं-उजवं माझंच उलटं झालं होतं.

समोरच्या खिडकीत एक काका बसले होते. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पेपर. जागा बदलता का, असं विचारलं तर म्हणाले, "मला उलट्या दिशेला बसलं की गरगरतं." बरोबरच होतं त्यांचं. मग टॉवेलची घडी करून चौकटीला लावली आणि त्याला सांगितलं की डोकं याच्यावर आपट.

पहाटे चारला उठवलेलं पोर, वर आजोळी जायचा आनंद. लोकांना वाटतं टिक्स, म्हणजे या आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाज, टेन्शनने वाढतात. टेन्शनने वाढतातच, पण आनंदानेही वाढतात, आणि झोप अपुरी झाली की विचारूच नका. ठाणं येईपर्यंत डोळे मिचकावणं, मान आणि घशातून येणारा तो "हुक्" असे तिन्ही प्रकार जोरात सुरू झाले होते. हुक् नवीन आहे, जूनमध्ये आला. त्याच्याआधी खांदा उडायचा, तो आता गेलाय. एक जातो, दुसरा येतो. मध्येच पंधरा दिवस काहीच नसतं, आणि मी मूर्खासारखी दर वेळी समजते की संपलं.

माणगाव मागे पडलं आणि काकांनी पेपर खाली केला.

"त्याला खोकला आहे का?"

"नाही."

"मास्क लावा त्याला. माझं बायपास झालंय."

अशा वेळी म्हणायचं एक वाक्य मी घरी आरशासमोर पाठ केलेलं आहे. "त्याला टिक्स आहेत, तो मुद्दाम करत नाही, तुम्ही लक्ष दिलं नाहीत तरी चालेल." समुपदेशक बाईंनी सुचवलेलं. सोपं आहे, दहा सेकंद लागतात. त्याऐवजी मी काय केलं, तर "खोकला नाहीये हो" असं पुटपुटले आणि चिरंजीवांचा गुडघा दाबला.

हा गुडघा दाबणं म्हणजे आमची जुनी खूण. काय आहे हे कळायच्या आधीची. तो सहा वर्षांचा असताना डोळे मिचकवायला लागला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. मग घसा खाकरायला लागला, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ॲलर्जीचं औषध दिलं. शाळेच्या डायरीत शेरा आला, "वर्गात मुद्दाम आवाज काढतो." त्या वर्षात लग्नात, देवळात, कुणाच्या मातीला गेल्यावर मी त्याचा गुडघा दाबायचे. दाबला की थांबव. आणि तो थांबवायचा! म्हणूनच तर मला खात्री होती की हे त्याच्या हातात आहे. पुढे मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी समजावलं की थांबवता येणं आणि हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतून एक कळ दाटून येते, टिक झाली की क्षणभर बरं वाटतं. अडवली तर ती साठत जाते. "करू नकोस" म्हटलं की लक्ष तिथेच जातं आणि आणखी येते. तेव्हापासून गुडघा बंद. दोन वर्षं बंद होता.

त्या दिवशी डब्यात हात आपोआप गेला.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि थांबवलं. ओठ घट्ट, दोन्ही हात मांडीखाली, मानेची शीर ताठ. त्याला टिकच्या जागी दुसरी हालचाल करायला शिकवलंय. मान झटकावीशी वाटली की हनुवटी जरा आत घेऊन मान स्थिर धरायची, हुक् आला की नाकाने सावकाश श्वास. त्याचा फायदाही होतो. पण हे ते नव्हतं. हे नुसतं दाबून धरणं होतं. बाहेर भातशेती अशी हिरवी की डोळे निवावेत, आणि माझा मुलगा समोरच्या बर्थखालच्या बॅगेकडे बघत बसला होता. काका म्हणाले, "बघा, सांगितलं की ऐकतो." मी हसले. हो, हसले.

पाऊण तास असा गेला. छोटे दोन-तीन बोगदे आले आणि गेले. त्यांतल्या एकात मला काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण लक्ष दिलं नाही. मग खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा लागला. तोही चार किलोमीटरच्या वर. स्लीपरच्या उघड्या खिडक्यांतून तो घडघडाट आत घुसला, ओलसर गार वारा आला, आणि चिरंजीवांनी तोंड खिडकीच्या गजाला लावून सोडलं. हुक्, हुक्, हुक्, हुक्. मान, डोळे, कधीचा गेलेला खांदासुद्धा. बोगदा संपायच्या आत पाऊण तासाचा सगळा साठा बाहेर. उजेड आला तेव्हा घामाने केस कपाळाला चिकटलेले होते.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"बोगद्यात कोणाला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "पुढचा मोठा कधी आहे?"

कोकण रेल्वेच्या वाटेवर ९०हून जास्त बोगदे आहेत. गेली पंधरा वर्षं मी या रुळांवरून माहेरी जातेय आणि बोगदा आला की मोबाईलची रेंज गेली म्हणून वैतागतेय.

वाक्य शेवटी त्यानेच म्हटलं, माझं पाठ केलेलं नाही, त्याचं स्वतःचं. "आजोबा, मला खोकला नाहीये. टिक्स आहेत. शिंक येते ना, तशा येतात. अडवल्या की नंतर खूप येतात." काका "हं" म्हणाले आणि पेपर वर गेला. माफी नाही, चौकशी नाही. मला राग आला. चिपळूणला कटलेट आली, तीही मी रागातच खाल्ली. मांडवीतलं खाणं चांगलं असतं म्हणतात, मला त्या दिवशी चव लागली नाही. तो मात्र हुक् करत मजेत खात होता.

संगमेश्वर गेल्यावर पेपरमागूनच आवाज आला, "आता करबुडे येईल. साडेसहा किलोमीटर. सर्वांत लांब." कुणाला उद्देशून बोलले ते कळलं नाही. त्यांना समजलं होतं म्हणून, की कोकणातला माणूस बोगद्यांची माहिती दिल्याशिवाय राहू शकत नाही म्हणून, देव जाणे. रत्नागिरीला उतरताना दारातून वळून म्हणाले, "पुढे टिके आहे रे. चार किलोमीटर."

"टिके?" चिरंजीव उडालेच. "आई, माझ्या नावाचा बोगदा!"

टिके लागला तेव्हा त्याने हुकूम सोडला, "तू पण कर." समोरची बर्थ रिकामी, आवाज कानठळ्या बसवणारा, कुणालाही काही ऐकू गेलं नसतं. मी तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही. डब्यातले दिवे चालू होते आणि पलीकडची एक बाई माझ्याकडे बघत होती.

कुडाळचे पाच दिवस आरत्या, मोदक आणि झोपेत गेले. आईने "नातवाक नजर लागली" म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या, मी अडवलं नाही. भाच्यांनी नेटवर वाचून ठेवलं होतं की या आजारात, म्हणजे टुरेट सिंड्रोममध्ये, तोंडातून शिव्या येतात. शिव्या येणारे शंभरात दहा-पंधराच असतात आणि आपण त्यांतले नाही, हे चिरंजीवांनी सांगितल्यावर पोरं फार हिरमुसली. आजाराला ज्याचं नाव आहे त्या झिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरने १८८५ मध्ये याचे नऊ रुग्ण नोंदवले, ही माहिती मात्र त्याने आजोबांना तीनदा ऐकवली. "तुरेट?" बाबा म्हणाले, "तुतारेची भयण मा ती?" आरतीत झांज हातात असली की अर्धा अर्धा तास एक टिक नाही. झांज खाली ठेवली की हजर.

परतीला तुतारी एक्सप्रेसच निघाली. रात्रीची गाडी, तो कणकवली सोडल्यावर आडवा झाला. झोपेत टिक्स बऱ्याच कमी होतात. टिके गेला, करबुडे गेला, मी जागी होते. ठाण्याला सकाळी डोळे चोळत उठला आणि प्लॅटफॉर्मवर उतरेपर्यंत भांडला, उठवलं का नाहीस म्हणून.