वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही.’ दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवर हे वाक्य दिवसातून कितीदा तरी सांगितलं जातं. सांगणारीचा दम ‘घ्यायची’पर्यंत पुरतो, ‘नाही’ तोंडातल्या तोंडात राहतं आणि तोवर तिची नजर पुढच्या केसपेपरवर गेलेली असते. आजींच्या कानावर पडतं, ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची.’ म्हणजे नेमकं उलटं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेकदा त्याच्याही मागे. वाक्याचा जीव शेवटच्या दोन शब्दांत असतो आणि बोलताना हवा संपते तीही तिथेच. श्वास घेतल्याबरोबर पहिल्या शब्दांवर आपण सगळा जोर खर्च करतो, मग आवाज उतरत जातो. कागद बघून बोलणाऱ्यांची मान तर शेवटच्या शब्दालाच पुढची ओळ शोधायला खाली जाते आणि तोंड माइकवरून हलतं. म्हणून बोलायला शिकायचं ते वाक्याच्या शेवटापासून, असं माझं ठाम मत आहे. हातवारे, शेरोशायरी, आवाजातले चढउतार हे सगळं नंतर.

मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दहा-बारा फुटांवर ठेवा आणि रोजच्यातलं काहीही दोन मिनिटं समजावून सांगा. साबुदाणा कसा भिजवायचा, हेसुद्धा चालेल. ते रेकॉर्डिंग घरातल्या दुसऱ्या कुणाला ऐकवा आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहून काढायला सांगा. जिथे त्यांना मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागेल, तिथे तुमचा आवाज गळतोय. हे काम स्वतः करून भागत नाही. आपण काय म्हणालो ते आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे न उमटलेला शब्दही आपल्या कानाला ऐकू येतो.

गळती सापडली की श्वासाकडे वळायचं. एका श्वासात एक ते दहा मोजा, पण ‘दहा’ हा ‘एक’इतकाच खणखणीत आला पाहिजे. हवा भरताना खांदे वर उचलले जात असतील तर श्वास उथळ आहे. पोट आणि खालच्या बरगड्या फुगायला हव्यात. दहा जमले की पंधरा. त्यापुढे छाती ताणण्यापेक्षा वाक्य तोडलेलं बरं. एका वाक्यात बारा-पंधरा शब्द पुष्कळ झाले. खिडकीवरचं ते वाक्यसुद्धा असं सांगता येतं: ‘उपाशीपोटी नको. आधी दोन घास खा, मग गोळी.’ आता ‘नको’ला स्वतःचा श्वास मिळाला.

वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांचं दुखणं वेगळं. सात अधिक एक मिनिटाची, म्हणजे सात मिनिटं बोलायला आणि एक आवरायला, अशी स्पर्धा असेल तर सातव्या मिनिटाला पहिली घंटा होते. मिनिटाला ११० ते १२० शब्द या वेगाने सात मिनिटांत साधारण ८०० शब्द नीट बोलून होतात. मुलं लिहितात बाराशे, पाठ करतात आणि धाप लागेपर्यंत पळत सुटतात. पाठ केलेल्या भाषणात शब्द शब्दाला बांधलेला असतो, अर्थाला नसतो. मधला एक निसटला की पुढचा सापडत नाही आणि मूल डोळे छताकडे लावून उभं राहतं. त्यात भाषण लिहिलेलं असतं ‘प्रयत्न करण्यात येत आहेत’ असल्या परिपत्रकी मराठीत, जी जिभेवर बसतच नाही.

उलट्या बाजूने सुरुवात करावी. विषय आधी मित्राला तोंडी सांगायचा, ते रेकॉर्ड करायचं आणि त्यातूनच लिहायचं. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार-पाच मुद्दे. पाठ करायचं पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर नेणारी वाक्यं. मधलं दर सरावाला वेगळ्या शब्दांत आलं तर येऊ द्या, तेच हवं आहे. आणि ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरू होणारी लांबलचक यादी ‘नमस्कार’वर आणली तर अर्धं मिनिट वाचतं.

राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे टोस्टमास्टर्सचा, म्हणजे एकमेकांसमोर भाषणाचा सराव करणाऱ्यांचा, पहिला क्लब सुरू केला. त्या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती कामांची वाटणी. एक जण फक्त वेळ बघतो: पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवी खूण, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल. दुसरा बोलणाऱ्याचे ‘अं’ आणि ‘आँ’ मोजतो. तिसरा दोन-तीन मिनिटांत भाषणाचं मूल्यमापन करतो. घरच्या घरीही हे जमतं. मराठीत मोजायचे ते ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘ॲक्च्युअली’ आणि ‘तर’. एका वेळी एकच शब्द धरा. तो येतोय असं वाटलं की ओठ मिटा. ती सेकंदभराची शांतता ऐकणाऱ्याला खटकत नाही. मूल्यमापन करणाऱ्याने ‘छान बोललास’ एवढं म्हणून सोडून देऊ नये. ‘दुसऱ्या मुद्द्यात तीन आकडे लागोपाठ आले, मला एकही आठवत नाही,’ असं सांगितलं तर पुढच्या वेळी काही बदलेल.

आपल्याकडे हे शिक्षण कीर्तनात फार पूर्वीपासून चालत आलं आहे. जोग महाराजांनी आळंदीत १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. वारकरी कीर्तनात शिकणारी मुलं टाळ घेऊन कीर्तनकार महाराजांच्या मागे उभी राहतात. तिथून त्यांना महाराजांची पाठ दिसते आणि समोरच्या सगळ्या श्रोत्यांचे चेहरे. कुठल्या दृष्टांताला माना डोलल्या, कुठे बायका आपसात बोलायला लागल्या, कुठे ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर घेतल्यावर पेंगणारे सावरले, हे त्यांना वर्षानुवर्षं समोरून बघायला मिळतं. व्याख्यानाला गेलात तर एकदा पहिल्या रांगेच्या अगदी कडेला बसा आणि अर्धा वेळ वक्त्याऐवजी श्रोत्यांकडे बघा.

खिडकीवर मात्र चेहरा बघूनही फसगत होते. ‘कळलं का आजी?’ याला उत्तर कायम ‘हो’च येतं. मोठ्या माणसाला चारचौघांत ‘नाही कळलं’ म्हणायला संकोच वाटतो आणि मागे रांगही असते. त्याऐवजी विचारावं, ‘आजी, गोळी कशी घ्यायची असं घरी सूनबाईंना काय सांगाल? माझं सांगायचं काही राहिलं का, ते बघते.’ यात परीक्षा सांगणारीची होते, आजींची नाही. आजी सांगायला लागतात: ‘सकाळी दोन घास खायचे, मग ही पांढरी.’ आणि थांबतात. हातातली दुसरी पट्टी उलटसुलट करून विचारतात, ‘आणि ही पिवळी गं?’