आखातात निरोप पाठवण्याआधी पंपापाशी जाऊन या

रत्नागिरी, खेड, दापोलीकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी दुबई, मस्कत नाहीतर कुवेतला इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा एसी मेकॅनिक म्हणून कामाला आहे. घरी काही बिघडलं की निरोप इकडे आखातात आमच्याकडे येतो: "दादा, पंप बंद पडलाय. काय करू?" आपल्या माणसांनी हक्कानं विचारावंच. पण एवढ्याशा वाक्यावर समुद्रापलीकडून कुणालाच काही सांगता येत नाही.

इथे साइटवर शंका विचारायची तर मशीनचं मॉडेल, मीटरचं रीडिंग आणि आतापर्यंत काय काय तपासलं ते सोबत सांगावं लागतं. फोरमन केरळचा, इंजिनिअर इजिप्तचा, बोलणं मोडक्या हिंदी-इंग्रजीत. त्यामुळे आकड्यांवरच काम पुढे सरकतं. गावीही हीच सवय लावून घ्यावी असं आम्हाला मनापासून वाटतं. जे बघून, ऐकून, मोजून कळतं ते आधी तुम्ही शोधा. आणि जिथे चूक झाली तर जिवावर बेतेल, तिथे शोधत बसू नका, लगेच माणूस बोलवा.

विहिरीवरचा पंपच घ्या. मे महिन्यातली नेहमीची तक्रार म्हणजे मोटर फिरते, पण पाणी येत नाही. काठावरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच अंगात असलेला) पंप सक्शन पाइपातला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपातला, दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. हवेचा हा दाब हिशोबानं फार तर ३४ फूट पाणी चढवतो. पाइपातलं घर्षण, बेंड आणि फूट व्हॉल्व्हचा (पाइपाच्या तळाशी बसवलेली, पाणी परत खाली न जाऊ देणारी झडप) तोटा धरला तर हाती २२ ते २५ फूट उरतात. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी वैशाखात भराभर खाली जातं. म्हणून आधी दोरीला दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. ते २५ फुटांच्या पुढे गेलं असेल तर पंप बिघडलेलाच नाही. तो विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर न्यावा लागेल किंवा सबमर्सिबल बसवावा लागेल. खाली नेलात तर मिरगाआधी वर काढायचं कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण पाऊस लागला की विहीर चढते आणि मोटर बुडते.

अंतर कमी असेल तर मेन बंद करून पंपात काठोकाठ पाणी भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर बहुधा फूट व्हॉल्व्ह गळतोय: पाला अडकलाय, काडी अडकलीय किंवा वॉशर झिजलाय. पातळी टिकली, पण पंप चालू केल्यावर पाणी तुटतं, तर सक्शनच्या जोडातून किंवा पंपाच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून (ग्लँड) हवा शिरतेय. पंप चालू असताना पाइपाच्या जोडांवर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे चीर. हे सगळं मिनिटभरात उरका, कोरडा पंप फिरवत ठेवला तर सील जळतं.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, हा वेगळा प्रकार. ताबडतोब बंद करा. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. "बघूया, उठते का" करत चारपाचदा स्विच दाबला की वाइंडिंग जळतं. मेन काढून शाफ्ट हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर गंज धरून इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारा आतला पंखा, अडकलाय. पावसाळाभर बंद राहिलेल्या पंपात हे हमखास होतं. मोकळा फिरत असेल तर संशय दोघांवर, कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला जोर देणारा भाग) आणि व्होल्टेज. व्होल्टेज स्टार्टर पॅनेलच्या मीटरवर दिसतं, पण पंप चालू करतानाचा आकडा बघा, बंद असतानाचा नाही. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: २३० च्या जागी १८४ आले की जोर ६४ टक्केच उरतो. कपॅसिटरला मात्र स्वतः हात लावू नका. मेन काढल्यावरही त्यात चार्ज राहतो.

आता विचारा. "दादा, १ एचपी सिंगल फेज, नेमप्लेटचा फोटो पाठवलाय. गुणगुणतो, फिरत नाही. शाफ्ट मोकळा आहे. व्होल्टेज बंद असताना २१०, चालू करताना १६५. शेजारच्या काकांचा पंपही संध्याकाळी उठत नाही, पहाटे उठतो." याला उत्तर द्यायला आम्हाला मिनिटही लागत नाही: दोष लाइनचा आहे, पंप खोलू नका, वीज कार्यालयात दोघांनी मिळून तक्रार द्या.

इंटरनेटवर शोधताना नेमप्लेटवरचं मॉडेल आणि दिसणारं लक्षण, दोन्ही टाका. नुसतं "पंप चालत नाही" टाकलं की थ्री फेजचे व्हिडिओ समोर येतात आणि माणूस भलतीच वायर सोडवतो. अर्धा तास शोधून धागा लागला नाही तर थांबा आणि विचारा. वायफायच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर तेवढंही नको. केबलमधून सिग्नलच येत नाहीये, थेट केबलवाल्याला कळवा.

पंपाच्या किंवा फ्रिजच्या बॉडीला करंट लागतो, पावसात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो, इन्व्हर्टरची बॅटरी फुगलीय, गॅसचा वास येतोय: यातलं काहीही असलं तर शोधही नको आणि आम्हाला निरोपही नको. करंट लागत असेल तर मेन बंद करून वायरमन बोलवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जीव वाचवायला बसवलेला असतो. तो बायपास करून "सध्या चालतंय" म्हणणाऱ्याचं कृपा करून ऐकू नका. गॅसचा वास असेल तर कुठलाही स्विच चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि तिथूनच फोन करा.

बाकी सगळ्यासाठी आम्ही आहोतच. यूएई आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत-कतार अडीच तास. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर उघड्यावरच्या कामाला दुपारी साडेबारा ते तीन सुट्टी असते, म्हणजे आपल्याकडचे दोन ते साडेचार. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल सहसा लागत नाहीत. फोटो आणि व्हॉइस नोट जातात. नेमप्लेटचा फोटो उजेडात, जवळून काढा आणि काम झालं की काय केल्यानं झालं तेही कळवा. वाडीतल्या पुढच्या घराचा निरोप आला की आम्हाला ते उपयोगी पडतं.